लाकडी सांगाड्याची इमारत : पुण्याचा विश्रामबाग वाडा

पुणे शहराच्या मध्यभागातून जाणाऱ्या थोरले बाजीराव रस्त्यावर विश्रामबाग वाडा उभा आहे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी तो १८०७ च्या सुमारास बांधविला. बांधकामास सहा वर्षे लागली आणि दोन लक्ष रुपये खर्च आला, असे सांगतात. रस्त्याने जाणाऱ्याची दृष्टी प्रथम खिळते ती त्याच्या दर्शनी भागावर. सुरूच्या झाडाप्रमाणे बुडाशी फुगीर व वर निमुळते होत गेलेले कोरीव खांब, रस्त्याच्या बाजूस पुढे आलेला लाकडी सज्जा आणि त्यावरील पानाफुलांची नक्षी ही पाहून मराठेशाहीच्या अखेरच्या काळातील सुतारांचे हस्तकौशल्य कोणत्या पायरीस पोहोचले होते, याची साक्ष पटते.

या कोरीव कामाची वाखाणणी पुष्कळ झाली आहे, आणि ती यथार्थही आहे. परंतु वाड्याचे खरे रहस्य नक्षीत नाही. छप्पर, मजले, माणसे आणि सामानसुमान यांचा एवढा मोठा भार जमिनीपर्यंत पोहोचतो कसा, हा येथे विचारावयाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर थोडक्यात असे की, वाडा भिंतींवर उभा नसून खांबांवर उभा आहे. हे उत्तर वरवर साधे दिसते. पण वाडा दोनशे वर्षे टिकतो कसा, जळतो कसा, कुजतो कसा आणि दुरुस्त करावयाचा तो कसा, हे सारे त्या एका गोष्टीवरून उलगडत जाते.

सांगाडा आणि भिंत

इमारतींचे स्थूलमानाने दोन प्रकार करता येतात. पहिल्या प्रकारात छपराचा भार भिंतीच पेलतात. छत्तीसगडच्या मैदानी मुलखातील जाड मातीच्या भिंतींची घरे या प्रकारात मोडतात; तेथे भिंत काढली की छप्पर खाली आलेच. दुसऱ्या प्रकारात प्रथम खांब व तुळया यांचा सांगाडा उभारतात, भार त्याच्यावर सोपवितात, आणि मग मोकळ्या जागा विटांनी, मातीने किंवा कुडाने भरून काढतात. येथे भिंतीचे काम आडोशाचे असते. ऊन, वारा, पाऊस आणि परकी दृष्टी यांना ती अडविते. प्राण्याच्या शरीरात हाडे आणि कातडी यांचे जे नाते, तेच येथे सांगाडा आणि भिंत यांचे.

ही युक्ती कोणा एका देशाची नव्हे. जेथे चांगले लाकूड मुबलक मिळाले, तेथे ती निरनिराळ्या लोकांना स्वतंत्रपणे सुचली. इंग्लंडमधील स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन या गावी हेन्ली रस्त्यावर शेक्सपिअरचे जन्मघर जतन केलेले आहे. त्याचा सांगाडा ओक लाकडाचा असून मधल्या चौकटी कुडाने भरलेल्या आहेत. काटक्या विणून त्यांवर माती थापण्याची जी रीत कोकणातील किंवा बस्तरमधील गृहस्थाला घरची वाटेल, तीच ही. लंडनमध्ये हाय होबर्न रस्त्यावर १५८५ साली उभारलेली स्टेपल इन नावाची इमारत आहे. तिचे वरचे मजले खालच्या मजल्यापेक्षा रस्त्याच्या बाजूस पुढे आलेले आहेत. तुळया खांबांच्या पुढे काढून त्यांच्या टोकांवर वरचा मजला उभारण्याची ही तऱ्हा आणि विश्रामबाग वाड्याचा पुढे आलेला सज्जा यांचे तत्त्व एकच आहे. फरक दिसतो तो एवढाच की, इंग्रज सुतार आपला सांगाडा बाहेरून उघडा ठेवतो, तर मराठी वाड्यात तो पुष्कळसा भिंतीत झाकला जातो आणि दर्शनी भागात व चौकाभोवती मात्र ऐटीने प्रकट होतो.

आजच्या काँक्रीटच्या इमारतींचे तत्त्वही याहून निराळे नाही. छत्तीसगड राज्याची राजधानी म्हणून वसविलेल्या नवा रायपूर या नगरात २०१२ मध्ये राज्याचे मंत्रालय नेण्यात आले. तेथे उठलेल्या नव्या इमारतींचे बांधकाम चालू असता ज्याने पाहिले असेल, त्याच्या ध्यानी येईल की प्रथम खांब आणि तुळया उभ्या राहतात आणि भिंती मागाहून येतात. साग जाऊन तेथे पोलाद व सिमेंट आले. पण भार नेण्याची वाट तीच राहिली.

या रचनेचा एक लाभ असा की, आतील आडभिंती इमारतीस धोका न पोहोचविता काढता किंवा हलविता येतात. विश्रामबाग वाड्याचा इतिहास याचेच उदाहरण होय. पेशव्यांच्या निवासासाठी बांधलेल्या या वाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे डेक्कन कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आलेल्या संस्थेचा उगम त्या पाठशाळेत आहे. विसाव्या शतकात कित्येक वर्षे नगरपालिकेची कचेरी येथे होती. राजवाडा, विद्यालय आणि कचेरी हे तिन्ही संसार एकाच सांगाड्यात सामावले.

खण : वाड्याचे माप

मराठी घराचे मोजमाप पूर्वी खणांत सांगत. दोन खांबांमधील, किंवा दोन तुळयांमधील, जी जागा तिला खण म्हणतात. दोन खणांची खोली, पाच खणांचा सोपा असे म्हटले की सुतार, गवंडी आणि घरधनी या तिघांनाही घराचा आकार कळे. खणाची लांबी कोणी मनास येईल तशी ठरविलेली नसते. मिळणाऱ्या लाकडाची लांबी व जाडी आणि त्यावर पडणारा भार यांवरून ती ठरते. खण वाढविला की तुळई वाकते. म्हणून मोठी जागा हवी असल्यास खण लांब करण्याऐवजी खांबांची आणखी एक ओळ वाढवावयाची, असा वाड्याचा नियम आहे. दिवाणखान्यातील खांबांच्या दुहेरी रांगा केवळ शोभेसाठी नसतात, हे यावरून ध्यानात येईल.

आता भाराचा प्रवास वरून खाली पाहू. छपराचा भार वाशांवर येतो, वाशांचा आढ्यावर व तुळयांवर. मजल्याचा भार प्रथम कड्यांवर येतो. कड्या म्हणजे जवळजवळ बसविलेली आडवी लाकडे. त्यांवर फळ्या टाकून जो तक्तपोशीसारखा भाग तयार होतो, त्याला कडीपाट म्हणतात. कड्या आपला भार तुळईला देतात, तुळई खांबाला, खांब दगडी उथळ्याला, आणि उथळे जोत्याला. या साखळीतील एकही दुवा भिंतीतून जात नाही.

तुळई नेहमी उभट बसवितात. म्हणजे तिची उंची रुंदीपेक्षा अधिक ठेवतात. याचे कारण शाळेतील मोजपट्टीवरून सहज कळते. पट्टी आडवी धरून मध्ये दाबली तर ती वाकते. तीच कडेवर उभी धरली तर वाकत नाही. उंची दुप्पट केली की तुळईची वाकण्यास विरोध करण्याची शक्ती आठपट होते. रुंदी दुप्पट केल्याने मात्र ती फक्त दुप्पट होते.

खांबाच्या माथ्यावर, दोन्ही बाजूंस हात पसरल्यासारखा, जो कोरीव आडवा तुकडा असतो त्याला हस्त म्हणतात. पाहणाऱ्यास तो अलंकार वाटतो. वस्तुतः तो तुळईचा निराधार भाग कमी करतो. सारख्या पसरलेल्या भाराखाली तुळईस वाकविणारा जोर तिच्या निराधार लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. तेव्हा दोन्हीकडील हस्तांनी मिळून लांबी चतुर्थांशाने घटविली, तर तो जोर नऊ-सोळांश, म्हणजे निम्म्याहून थोडाच अधिक उरतो. वाड्यातील सुताराने हे गणित कागदावर मांडले नसेल. पण पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाने त्याच्या हाताला ते ठाऊक होते.

सागवान

मराठी वाड्यांचे मुख्य लाकूड साग हे होय. सागाचे एक घनमीटर वाळलेले लाकूड सुमारे साडेसहाशे किलोग्रॅम भरते. त्या वजनाच्या मानाने त्याची ताकद पुष्कळ असते. त्याच्या अंगी नैसर्गिक तेल असते आणि वाळवीस न मानवणारी द्रव्येही असतात. परंतु त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याचे अल्प आकुंचन. ओले लाकूड वाळताना आखडते. लांबीच्या दिशेने ते जवळजवळ मुळीच आखडत नाही; वर्तुळाकार वाढीच्या कड्यांच्या दिशेने सर्वांत जास्त आखडते, आणि गाभ्याकडून सालीकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. पूर्ण वाळेपर्यंत सागाचे सर्वाधिक आकुंचन पाच-सहा टक्के असते. ओकचे याहून जास्त असते. ज्या लाकडाचे आकुंचन कमी, त्याचा सांधा अधिक काळ घट्ट राहतो. कोरीव काम कमी तडकते, याचेही कारण हेच.

मध्य भारतात सागाचे पश्चिमेकडील प्रदेश आणि सालाचे पूर्वेकडील प्रदेश एकमेकांस भेटतात. साल हा छत्तीसगडचा राज्यवृक्ष आहे. त्याचे लाकूड सागाहून जड व बळकट असते. पण ते वाळताना अधिक तडकते आणि कोरण्यास कठीण जाते. म्हणून जेथे केवळ भार पेलावयाचा तेथे साल, आणि जेथे भार पेलून रूपही धरावयाचे तेथे साग, अशी निवड स्वाभाविकपणे होई. छत्तीसगडावर १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. त्यांचा नागपूर येथील राजवाडा काळ्या दगडाचा असून विपुल कोरीव लाकूडकामाने सजविलेला होता. १८६४ च्या सुमारास तो आगीत नष्ट झाला.

सांधा

लाकडी सांगाड्याचे सामर्थ्य लाकडात जितके, तितकेच ते सांध्यात असते. एका लाकडाच्या टोकाशी दोन्ही बाजूंनी लाकूड तासून मध्ये जीभ ठेवतात. तिला कुसू म्हणतात. दुसऱ्या लाकडात त्याच मापाचे भोक पाडतात. कुसू भोकात बसवून आरपार खुंटी ठोकतात किंवा पाचर मारून घट्ट करतात. इंग्रज सुतार यात आणखी एक खुबी करीत. कुसवातील खुंटीचे छिद्र ते भोकाच्या छिद्रापासून किंचित सरकवून पाडीत. त्यामुळे खुंटी ठोकताच सांधा आपोआप आत खेचला जाई. लाकडे आधी अंगणात जुळवून पाहावयाची, प्रत्येक जोडीवर खुणेचे आकडे कोरावयाचे, आणि मग जागेवर नेऊन उभारावयाची, अशी तेथील पद्धत होती. असे आकडे तेथील जुन्या घरांत आजही दिसतात.

असा सांधा पूर्णपणे ताठर नसतो. जोर आला की तो किंचित हलतो, घासतो, आणि जोर ओसरल्यावर पुष्कळसा पूर्वस्थितीस येतो. हा त्याचा दोष आहे आणि गुणही आहे. दोष असा की, चार काठ्यांची चौकट टोकांशी नुसती बांधली तर ती सहज तिरपी होते. तिच्यात कर्णावर एक पाचवी काठी बसविली की त्रिकोण तयार होतात आणि चौकट हलेनाशी होते. इंग्रजी घरांत खांब व तुळई यांच्यामध्ये अशी तिरपी लाकडे सर्वत्र दिसतात. मराठी वाड्यात ती बहुधा नसतात. तेथे चौकटीला तिरपी होऊ न देण्याचे काम मधल्या भरीव भिंती करतात. म्हणजे भिंत उभा भार पेलीत नसली, तरी ती निरुपयोगी नसते. ती सांगाड्याचा तोल राखते. दुरुस्तीच्या वेळी हे विसरणे धोक्याचे ठरते.

हादरा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांत किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि जवळजवळ आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. तेथील घरांच्या भिंती ओबडधोबड दगड मातीत रचून केलेल्या, अतिशय जाड होत्या, आणि वर मातीच्या जाड थराचे माळवद होते. अनेक घरांत माळवदाखाली लाकडी खांब व तुळया यांचे खण होते. भूकंपानंतर पाहणाऱ्यांना असे आढळले की, कित्येक ठिकाणी भिंती ढासळल्या, पण लाकडी खण वरच्या माळवदासह उभे राहिले. त्यांच्याखाली ज्यांना आसरा मिळाला, ते वाचले. मात्र दगड आतल्या बाजूस कोसळल्याने सांगाडा उभा असूनही मृत्यू ओढवल्याची उदाहरणेही होती.

यातून दोन धडे मिळतात. पहिला असा की, हलता येणारा लाकडी सांधा हादऱ्यातील जोर काही अंशी पचवितो. दुसरा असा की, सांगाडा आणि भिंत यांची एकमेकांशी बांधणी नसेल, तर सांगाडा वाचला तरी माणूस वाचेलच असे नाही. शिवाय छपरावर मातीचा थर जितका जाड, तितका हादऱ्याचा जोरही अधिक. काश्मीरमध्ये धज्जी देवारी या नावाने ओळखली जाणारी पद्धत आहे. तीत लाकडाची तिरपी-उभी-आडवी लहान लहान चौकटींची जाळी करून मधल्या जागा हलक्या भरावाने भरतात. तेथे भरावाचा लहानसा तुकडा सुटला, तरी सगळी भिंत कोसळत नाही. २००५ च्या ऑक्टोबरमधील भूकंपात अशी घरे पुष्कळ बरी टिकली.

आग, ओल आणि वाळवी

लाकडाचा प्रसिद्ध शत्रू आग हा होय. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेला शनिवारवाडा १८२८ च्या फेब्रुवारीत पेटला आणि आग सात दिवस धुमसत राहिली. दगडी जोते, तट व दरवाजे राहिले. लाकडी मजले नाहीसे झाले. १८७९ च्या मे महिन्यात पुण्यात बुधवारवाड्यास व विश्रामबाग वाड्यास आग लावण्यात आली. बुधवारवाडा नष्ट झाला. विश्रामबागेचा काही भाग जळाला, आणि तो पुढे नगरपालिकेचा पैसा व लोकवर्गणी यांतून पुन्हा उभारण्यात आला.

येथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. जाड तुळई सहजासहजी पेट घेत नाही. तिचा पृष्ठभाग जळून कोळसा होतो, आणि तो कोळशाचा थर आतील लाकडास उष्णतेपासून जपतो. कठीण लाकडात जळण्याची रेषा मिनिटाला सुमारे अर्धा मिलिमीटर या वेगाने आत सरकते. म्हणजे अर्ध्या तासात दीड सेंटिमीटर. त्यामुळे वाड्याचा नाश प्रथम होतो तो पातळ भागांतून : फळ्या, झरोके, कोरीव पट्ट्या आणि वासे यांतून. उघडा चौक वारा वर ओढून घेतो, आणि धुराड्याप्रमाणे ज्वाळा मजल्यांवर चढवितो. ज्या चौकाने उन्हाळ्यात घर थंड ठेवावयाचे, तोच आगीच्या वेळी तिला साहाय्य करतो.

परंतु आगीपेक्षा अधिक वाडे ओलीने गेले असावेत, असे मानण्यास जागा आहे. लाकडातील पाण्याचे प्रमाण वजनाच्या वीस टक्क्यांच्या खाली राहिले, तर कुजविणारी बुरशी वाढू शकत नाही. ते प्रमाण दीर्घकाळ त्याहून वर गेले की कूज सुरू होते. म्हणूनच खांब थेट जमिनीत न रोवता दगडी उथळ्यावर ठेवतात, म्हणजे जमिनीतून चढणारी ओल आणि वाळवी ही दोन्ही लाकडापासून दूर राहतात. उघडा खांब ओला झाला तरी वाऱ्याने वाळतो. भिंतीत गाडलेला खांब मात्र वाळू शकत नाही, आणि तो कुजत असता बाहेरून काही दिसतही नाही. घर फिरले की घराचे वासे फिरतात, अशी म्हण आहे. वाड्याच्या बाबतीत क्रम उलटा असतो : आधी वाशात पाणी मुरते, मग घर फिरते.

जतन म्हणजे काय?

या सर्व विवेचनाचा व्यावहारिक अर्थ काय? जुन्या वाड्याची डागडुजी करताना पुष्कळदा भिंतींवर सिमेंटचा घट्ट गिलावा चढविला जातो. भिंत नवी दिसू लागते. परंतु चुना व माती यांतून जी ओल बाष्परूपाने बाहेर पडत असे, ती आता आतच अडते आणि भिंतीतील खांबाकडे वळते. भिंत वाचविण्याच्या नादात सांगाडा गमावला जातो. भिंत हीच घराचा आधार आहे या समजुतीतून ही चूक उद्भवते.

सांगाडा ओळखून केलेली दुरुस्ती निराळी असते. तिच्यात प्रथम छपराची गळती थांबवितात आणि जोत्याभोवतीचे पाणी वाहून नेतात. मग खांबाची बुडखे तपासतात. कुजलेला भागच तेवढा कापून काढून त्या जागी त्याच जातीचे वाळलेले लाकूड सांध्याने जोडतात. अखंड खांब बदलण्याची वेळ क्वचितच येते. हस्त, सज्जा आणि कोरीव पट्ट्या यांवरील रंगाचे थर हलक्या हाताने उतरविले की सागाचा मूळ पोत पुन्हा दिसू लागतो. अशा कामास ज्याप्रमाणे स्थापत्यज्ञाचे गणित लागते, त्याचप्रमाणे कुसू आणि भोक बिनचूक जुळविणारा सुतारही लागतो. आणि या दोहोंपैकी सुतार मिळणे आज अधिक कठीण झाले आहे.

पुणे, सातारा, वाई, नाशिक आणि नागपूर येथील जुन्या वस्त्यांत असे वाडे अद्याप उभे आहेत. पण त्यांची संख्या घटत चालली आहे. एखादा वाडा पाडला जातो, तेव्हा केवळ काही लाकडे व विटा जात नाहीत. त्या सांध्यांत साठविलेले, कोणी पुस्तकात न लिहिलेले ज्ञानही जाते. ज्या गावात असा वाडा असेल, तेथील विद्यार्थ्यांनी तो पाहावयास जावे, आणि नक्षीपाशी न थांबता मान वर करून कडीपाटापासून उथळ्यापर्यंत भाराची वाट आपल्या बोटाने दाखवून पाहावी. खण मोजावेत, मापे घ्यावीत, आणि खांब, तुळई व सांधा यांची चित्रे काढून ठेवावीत. वाडा पुढे राहो अथवा न राहो, तो उभा कसा होता हे तरी त्यामुळे पुढच्या पिढीस कळेल.